वरची दाढ आणि मायचे डोळे

ज्यांची दाढ मध्यंतरी खूप दुखत होती आणि आता काही न करता दुखायची थांबली आहे, त्यांनी हे आधी वाचावं. बाकीच्यांनी सवडीनं वाचलं तरी चालेल. माझीही दाढ अशीच थांबली होती. तब्बल पाच महिने. त्या पाच महिन्यांत मी लोकांना शहाणपण शिकवत फिरत होते की बघा, दवाखान्यात न जाताही माणूस बरा होतो.

मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना वाटतं काय मोठं काम असेल. काम असं की पांढऱ्या कागदावर बी ओतायचं, भिंगाच्या दिव्याखाली एकेक दाणा चिमट्यानं सरकवायचा, फुटका एकीकडं, किडका एकीकडं, दुसऱ्या जातीचा तिसरीकडं. अठरा वर्षं मी हेच करते. माझी भाकरी माझ्या डोळ्यांवर आहे. किडका दाणा हातभरावरून ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या तोंडातली कीड दिसली नाही, असं आमच्या ऑफिसात अजूनही मला ऐकवतात. ऐकून घेते.

दाढ वरची होती, डावीकडची, सुळ्याच्या मागची. आधी गार पाणी लागलं की झणझणायची, मग चहा लागला तरी. लवंग धरून झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, पेरूची पानं चावून झाली, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं संपली. शेवटी माझा नवरा मिलिंद मला मोटारसायकलवर बसवून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. त्यांनी फोटो काढला, पडद्यावर दाखवला आणि म्हणाल्या, "कीड मुळापर्यंत गेलीय. रूट कॅनॉल करून बघू, वाचेल. नाही जमलं तर काढावी लागेल. पण अशी ठेवू नका."

त्या एवढं बोलल्या. माझ्या कानात फक्त "वरची" आणि "काढावी लागेल" एवढंच शिरलं. उद्या येते म्हणून मी निघाले ती परत गेलेच नाही.

मिलिंदला कारण माहीत होतं. म्हणून तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडायला हवं होतं, असं आता वाटतं.

*

माझ्या मायचे दोन्ही डोळे वरची दाढ काढल्यामुळं गेले, हे आमच्या गावात, धावड्यात, लहान पोरालाही माहीत आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मायला डाव्या भुवईच्या वर ठणकायचं. काम टाकून, फडक्यानं डोकं आवळून ती भिंतीला टेकून बसायची. तिची वरची एक दाढ पोखरलेली होती. मशेरी लावून लावून तिचे दात तसे सगळेच काळे होते, पण ही दाढ जास्त. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, म्हणाले की हीच दाढ डोक्यात चढून राहिली आहे, एकदा उपटून टाकू, रोजची कटकट जाईल.

बाजाराच्या दिवशी दात काढणारा एक माणूस कापड अंथरून बसायचा. कापडावर उपटलेले दात मांडलेले असायचे. माय म्हणत होती, राहू द्या, थांबंल आपोआप. दादांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि त्या माणसानं दाढ ओढली. मी बाजूला उभी होते, माझ्या हातात शेवेचा पुडा होता. माय ओरडली नाही. तिनं दादांच्या मनगटाला धरलं, इतकंच.

त्यानंतर दीड वर्षात तिला दिसायचं बंद झालं. आधी एक डोळा गेला, मग दुसरा.

गावानं निकाल दिला आणि दादांनी तो निमूट मान्य केला. कुणी विचारलं तर सांगायचे, "मीच नेल्तं तिला." पुढं सत्तावीस वर्षं त्यांनी मायला हाताला धरून चालवलं, विहारात नेलं, शेतात नेलं, आजारपणात न्हाऊ घातलं. जेवायला बसली की तिचा हात धरून ताटात फिरवायचे, इथं भाकर, इथं भाजी, इथं मीठ. आमच्या घरात दाताच्या डॉक्टरचं नाव निघालं नाही. मायला जाऊन आता सहा वर्षं झाली. एवढा खुलासा पुरे. आता मी डॉक्टरीणबाईंकडं पुन्हा का गेले नाही, हे कुणी मला विचारू नका.

*

मग दाढ थांबली. एके दिवशी सकाळी चहा घेतला आणि काही झालंच नाही. मला पुढं समजलं ते असं की दाढेच्या आतली शीर मेली होती. शीर मेली की दुखणं जातं आणि कीड आपलं काम करत राहते, कुणालाही न सांगता. मला तेव्हा एवढंच वाटलं की मी जिंकले. मी पुन्हा दोन्ही बाजूंनी भाकरी खायला लागले. दात सकाळी घाईघाईत घासायचे, झोपताना कधीच नाही, दुपारी चहात बिस्किट बुडवून खायचं, आणि परत भिंगाखाली मान घालायची, हे सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

पाच महिन्यांनी गालावर सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती फार, ताणल्यासारखं वाटायचं. माझी मावशी आमच्याच गल्लीत राहते. मायची धाकटी बहीण, मला मायच्या जागी. तिनं बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हवा धरलीय. शेक दे बराबर, उतरून जाईल. पण काही झालं तरी वरची काढू नको बरं का बाई. तुझ्या मायचं काय झालं बघितलंय ना तू?"

तिनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवली आणि दोन दिवस, दिवसातून चार चार वेळा, स्वतःच्या हातानं माझ्या गालावर ठेवली. इतक्या मायेनं की मला रडू यायचं. ज्यांच्या तोंडाला सूज आली आहे त्यांनी एवढं ऐकावं, बाहेरून गरम शेक देऊ नये. माझ्या त्या शेकानं पू उतरला नाही, तो पसरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. मी बोटांनी पापणी उचलायला गेले, तर ती कणकेच्या गोळ्यासारखी फुगली होती. अंगात ताप होता. आरशात मी उरलेल्या डोळ्यानं पाहिलं. दाढ अजून तोंडातच होती आणि डोळा चालला होता. हे मला समजेना. मी तर दाढ काढलीच नव्हती, मग डोळा कशाला चाललाय?

*

दवाखान्यात पोचेपर्यंत नाकाच्या दुसऱ्या बाजूलाही सूज सरकली होती. सर्जन वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, तोंड उघडायला लावलं आणि मिलिंदला बाहेर न नेता माझ्यासमोरच सांगितलं, "दाढेचा पू डोळ्यामागं चाललाय. आज चीर देऊन पू काढायचा आणि दाढही काढायची. उद्यावर टाकू नका. आधी डोळ्याला धोका आहे, मग जिवाला."

मी म्हटलं, पू काढा, दाढ ठेवा.

ते म्हणाले, "ताई, घर दाढेतच आहे त्याचं."

मी मान हलवत राहिले. मिलिंदनं कागद पुढं केला, मी पेन घेईना. तेवढ्यात दादांचा फोन आला. मावशीनं कळवलं होतं. मिलिंदनं फोन माझ्या कानाला लावला.

"काढू नको," दादा म्हणाले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "माझं ऐक. जे बी करायचं ते करा, जमीन इकतो, मुंबईला नेऊ. पण ती दाढ काढू देऊ नको."

"दादा, डॉक्टर म्हणून राह्यले, न काढल्यानं डोळा जाईल."

"तव्हा बी तो दातवाला असंच म्हणत व्हता. म्या एकदा केलंय हे. आता तुझं बघायचं न्हाई मला. बिलकुल न्हाई."

ते रडत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. माय गेली तेव्हाही मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. आयुष्यात मी दादांचा शब्द फार वेळा मोडलेला नाही, मोडला तरी त्यांना कळू न देता मोडला. त्या दिवशी मी "ठेवते" म्हटलं, फोन मिलिंदच्या हातात दिला आणि सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं, कारण एकाच डोळ्यानं रेघ नीट दिसत नव्हती. मला खात्री पटली होती म्हणून सही केली असं समजू नका. खात्री काहीच नव्हती. फक्त मी रोज बी पाहते, आणि किडका दाणा चांगल्यांत ठेवला तर काय होतं ते मला ठाऊक होतं.

बाहेर मिलिंदचा आवाज चढला होता. "तुमच्यामुळं झालं हे," तो मावशीला म्हणत होता, "सारं तुमच्यामुळं." मावशी चार दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती, आत आली नाही.

*

चीर दिल्यानंतर डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि उजव्या पापणीवरची सूज इतकी वाढली की दोन दिवस मला एक बारीक फट तेवढी दिसायची. फटीतून पंखा दिसायचा. मान वळवली की सलाईनची बाटली. बाकी सगळं कानांनी.

सिस्टर जवळ आल्या की आधी म्हणायच्या, "मी आलेय बरं का, सिस्टर," आणि मग हात लावायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं असेल तर त्या माणसाचे पाय धरावेत. सकाळी इंजेक्शन, मग जखमेतली पट्टी बदलणं, ज्याबद्दल मी लिहिणार नाही. मग डाळीचं पाणी. शेजारच्या खाटेवर परतूरच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांची सून मोसंबी सोलायची तो वास यायचा. मला आंबट चालत नव्हतं. तरी त्या सुनेला सांगायच्या, साल दे तिच्या हातात, वास तरी घेऊ दे. मी दिवसभर मोसंबीची साल हातात धरून पडून असायचे.

आणि मला माय दिसायची. माणसाला डोळे मिटून जे दिसतं ते उघडून दिसत नाही, हे मला तिथं समजलं.

मी अकरा वर्षांची असताना एकदा माय मला घरात शोधत होती. ती नुकतीच पूर्ण आंधळी झाली होती. "कुठंय गं तू?" म्हणत दोन्ही हात पुढं करून ती खोलीभर फिरली. मी कोपऱ्यात, तिच्यापासून दोन हातांवर, भिंतीला चिकटून उभी होते. श्वास धरून. खेळ म्हणून. तिचा हात माझ्या तोंडासमोरून गेला, मी मागं सरकले. ती थांबली. मी आहे हे तिला समजलं असणार, कारण तिनं पुढं शोधलं नाही. ती तिथंच खाली बसली, हात मांडीवर घेतले आणि दाराकडं तोंड करून बसून राहिली. मी पळाले.

यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. वॉर्डात कुणी खाटेजवळ येऊन गप्प उभं राहिलं की मला घाम फुटायचा. "कोण आहे?" मी विचारायचे. कधी कुणीतरी असायचं. कधी नसायचंही. नसायचं तेव्हा मला वाटायचं, ती उभी आहे, दोन हातांवर, आणि बोलत नाहीये.

*

पाचव्या दिवशी सूज उतरली. पट्टी काढली. समोर मिलिंद होता, चार दिवसांची दाढी वाढलेला. मला तो दोन्ही डोळ्यांनी दिसला. मी डावा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं. मग ढसाढसा रडले. दाढ गेली होती आणि डोळा राहिला होता.

जायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. हनुवटी टेकवायची, कपाळ टेकवायचं, निळा दिवा जवळ येतो. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. डाव्या डोळ्यातला दाब सुजेमुळं वाढला असेल म्हणू, पण उजव्याचाही जास्त आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. मग विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता?"

"नाही," मी म्हटलं.

"कुणाची नजर गेली होती?"

"आईची. पण ती वरची दाढ काढल्यामुळं."

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी दिवा बाजूला सरकवला. "दाढ का काढली होती?"

"डोकं दुखायचं. इथं, भुवईवर."

"दाढ काढायच्या आधीपासून ना? दिव्याभोवती रंग दिसतात, असं कधी म्हणायच्या?"

आमच्या घरात नवीन लाइट आली होती तेव्हाची गोष्ट. मायनं मला हाक मारून बोलावलं होतं, "बघ गं, लाइटीला कसं रंगीत कडं पडलंय." मला कडं दिसलं नाही. मी हो म्हटलं, कारण ती इतकी खुश होती. ते दाढेच्या आधी होतं, कितीतरी आधी. आणि त्याच काळात ती चुलीजवळ बसलेल्या माझ्या हातावर पाय द्यायची, दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि दादा म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुझं?

मी हे सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आता खात्रीनं कोण सांगणार. पण काचबिंदूच असावा. दात काढून डोळे जात नाहीत. त्यांचे डोळेच दुखत असतील, आणि लोकांना दाढ वाटली."

"तेव्हा इलाज होता?"

"होता," ते म्हणाले. "वेळेवर आल्या असत्या तर बरीचशी नजर राहिली असती."

पुढच्या तपासण्यांत माझाही काचबिंदू निघाला, अगदी सुरुवातीचा. रोज थेंब घालते, जन्मभर घालायचे आहेत. मी ती दाढ काढायला टाळाटाळ केली नसती तर डोळ्यांच्या डॉक्टरपुढं बसले नसते, असं मिलिंद म्हणतो. त्याचा हेतू चांगला आहे, पण कुणी असा हिशेब करू नका. मी मरता मरता राहिले आहे. दाढ कधी दुखली तर ती थांबायची वाट न बघता जा, थांबली तर आणखी लवकर जा, आणि झोपण्याआधी दात घासा. एवढं सोपं मला चव्वेचाळीस वर्षं जमलं नव्हतं.

मावशी घरी आली ती मऊ भात घेऊन. ताट ठेवलं आणि परत निघाली. मी तिचा हात धरला, गालावरच्या पट्टीवर ठेवला. ती म्हणाली, "गरम न्हाई ना गं लागत?" आणि मग आम्ही दोघीही रडलो.

*

बरं वाटल्यावर आम्ही धावड्याला गेलो. दादा दारातल्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरून डोळे पाहिले, एकेक करून. तीन बोटं दाखवून विचारलं, किती? मी सांगितलं. मिलिंद उठून मागं शेताकडं निघून गेला, त्याला कळलं होतं मला काय बोलायचंय ते.

"दादा, मायच्या डोळ्यांचा आन् दाढेचा काही संबंध नव्हता. तिचे डोळे आधीच जाऊन राह्यले होते. डोकं दुखायचं ते डोळ्यामुळं. डॉक्टरनं सांगितलं."

दादा बाजेवर पुढं सरकले.

"आधीपासून?"

"आधीपासून."

"म्हंजे म्या त्या दिवशी नेलं नसतं, तरी..."

"तरी गेले असते."

त्यांनी बाजेवरचा हात उचलला आणि तोंडावरून फिरवला. दवाखान्यात असल्यापासून मी हे एक वाक्य त्यांच्यासाठी जपून आणलं होतं. पस्तीस वर्षांनी या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरणार, आणि ते माझ्या हातानं, याचा मला आनंद झाला होता. मी तो लपवत नाही.

मग दादांनी विचारलं, "अन् मंग डोळ्याच्या डाक्टरकडं नेलं असतं तर? तव्हाच. बराबर वेळेवर?"

जालन्यापासून धावड्यापर्यंत मी मनात दहा प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. हा त्यांत नव्हता.

"न्हाई दादा," मी म्हटलं. "तव्हा त्याच्यावर इलाजच नव्हता."

हे खोटं आहे. ते इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडं कुठं कबूल करणार? मी त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलले, आवाजही हलू दिला नाही.

दादा माझ्याकडं पाहत राहिले. रागावून नाही.

"तुझ्या मायला दिसायचं पुरं बंद झाल्तं," ते म्हणाले, "तरी बी साल-दीड साल मला म्हणायची, दिसून राह्यलं की थोडं थोडं. मला वाईट वाटू नये म्हून."

त्यांनी माझा हात घेतला आणि बाजेवर, आपल्या शेजारी ठेवला.

"मला तव्हा बी कळायचं."